चालकाचा रकाना

कुरुंदवाडच्या मगदूम चुरमुरे भट्टीचा टेंपो जूनअखेर भंगारात जाणार, हे ठरलेलं होतं. पंधरा वर्षं झाली की मालवाहू गाडी रस्त्यावरून उतरवायची असा नियम होता आणि टेंपोची पंधरा वर्षं भरत आली होती. म्हणून मे महिन्यातल्या एका सकाळी रत्नमाला मगदूम जयसिंगपूरच्या पतसंस्थेत, वाहनकर्जाच्या खिडकीपुढे तीन गाड्यांची पत्रकं घेऊन बसली होती.

पहिली गाडी म्हणजे जुनी डिझेल पिकअप. चार वर्षं चाललेली, पण हौदा साडेनऊ फुटी. चुरमुऱ्याच्या धंद्यात वजनाचं काही नसतं, जागेचं असतं. पोतं जेमतेम नऊ-दहा किलो भरतं, पण उभं केलं तर माणसाच्या छातीला लागतं. त्या हौद्यावर लोखंडी जाळीचा पिंजरा चढवला की शंभर पोती बसली असती. दुसरी गाडी नवीकोरी, विजेवर चालणारी, बुटकी. तिच्यात पन्नास पोती. तिसरी आपली आपण चालणारी, स्वयंचलित. पोती साठ आणि किंमत रत्नमालेच्या ऐपतीच्या दीडपट. तिचं पत्रक तिने मागितलंसुद्धा नव्हतं. पतसंस्थेनेच यादीत घातलं होतं.

तिच्या दृष्टीने निवडायचं असं काही उरलंच नव्हतं. तिचा थोरला भाऊ भरतेश, म्हणजे आण्णा, डिझेल पिकअप स्वतः बघून आला होता. खाली वाकून, चाकांना लाथा मारून, इंजिनाचा आवाज ऐकून. "घे डोळे झाकून," म्हणाला होता.

फक्त पडताळा व्हायचा होता.

पडताळा दोन वर्षांपूर्वी सक्तीचा झाला. लहान धंद्याला वाहनकर्ज द्यायचं तर आधी त्या धंद्याची हुबेहूब प्रत संगणकात उभी करायची. गिऱ्हाईकं कुठं, रस्ते कसे, माल किती, गाडी कोण चालवतो, सगळं त्यात भरायचं. मग ती प्रत पुढची पाच वर्षं जगते. एकदा नाही, दहा हजार वेळा. कधी तांदूळ महागतो, कधी पूर येतो, कधी गिऱ्हाईक बुडवतं. ज्या गाडीसोबत धंदा जास्तीत जास्त वेळा तगतो, ती गाडी यादीत वर.

"पडताळा आला, ताई," खिडकीपलीकडची तेजल आवटी म्हणाली आणि तिने पडदा रत्नमालेकडे वळवला.

सर्वांत वर स्वयंचलित गाडी. मध्ये विजेची. डिझेल पिकअप तळाला, आणि तिच्यापुढे लाल अक्षरांत: कर्ज देऊ नये.

रत्नमालेने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा वाचलं. "बाळ, यादी उलटी आलीय काय गं?"

"मलाही तसंच वाटलं. दोनदा चालवून बघितला." तेजलने तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं कारण उलगडलं. 'चालकाची उपलब्धता. तिसऱ्या वर्षाअखेर शंभरात अडतीस.'

"म्हणजे काय?"

"चालक म्हणून तुम्ही भरतेश मगदूम लिहिलंय. दहा हजारांपैकी सहा हजार दोनशे वेळा, तीन वर्षांनी ते गाडी चालवत नाहीत."

"मग काय करतात?"

"ते नाही सांगत तो."

"अगं, बावन्न वर्षांचा भाऊ आहे माझा. पगारी ड्रायव्हर आहे का, सोडून जायला?"

तेजलने खांदे उडवले नाहीत, हे रत्नमालेच्या लक्षात आलं. उलट ती पोरगी पडद्याकडे कपाळाला आठ्या घालून बघत होती. मग तिने भरतेश मगदूम हे नाव खोडलं, 'सरासरी चालक, वय बावन्न' असं घातलं आणि पडताळा पुन्हा चालवला. डिझेल पिकअप उडी मारून वर आली. आण्णाचं नाव परत घातलं, पिकअप परत तळाला.

खोट गाडीत नव्हती. आण्णात होती.

बसमधून घरी येताना रत्नमालेचं डोकं चालेना. आण्णाने तिला कधी दूर केलं नव्हतं. एकोणतिसाव्या वर्षी ती नवरा गमावून माहेरी आली, तेव्हा त्याने तिला स्वयंपाकघरात नाही, भट्टीवर नेलं होतं. "तू आतलं बघ, मी बाहेरचं बघतो," म्हणाला होता. तेव्हापासून रेती किती तापली, तांदूळ किती भिजला हे ती बघायची आणि माल भरून गावोगाव आण्णा जायचा. फोंडा घाट उतरून कणकवलीपर्यंतची गिऱ्हाईकं त्याने एकेक करून जोडली होती.

पण मग दुसऱ्याही गोष्टी आठवू लागल्या. आण्णाची लेक हुबळीला दिली होती. जावयाचं मोठं गोदाम होतं, आणि 'मामंजी, इकडेच या,' हे तो दर दिवाळीला म्हणायचा. गेल्या महिन्यात आण्णा दोनदा टेंपो घरी ठेवून एसटीने इचलकरंजीला गेला होता. कशाला, ते बोलला नव्हता.

तिने कांचन वहिनीला सहज म्हणून विचारलं.

"सुतळी बघायला गेलेत म्हणाले," वहिनी म्हणाली.

सुतळी काही आली नव्हती.

दोन दिवस तिने कळ काढली. तिसऱ्या दिवशी भट्टी ऐन भरात होती. तापल्या रेतीत तांदूळ पडत होता, तडतडून फुलत होता, चाळणीतून पांढरा ढीग खाली येत होता. आण्णा एका बाजूला बसून, शिवलेल्या पोत्यांवर काळ्या शाईने व्यापाऱ्यांची नावं-गावं लिहीत होता.

"आण्णा, हुबळीला जायचं ठरलंय का तुझं?"

त्याने मान वर केली. "कुणी सांगितलं?"

"सांगितलं नाही कुणी. विचारतेय."

"गाडीचं काय झालं ते सांग आधी. जुळलं का पिकअपचं?"

तिला थाप मारता येत नव्हती. तिने सगळं सांगून टाकलं. यादी, लाल अक्षरं, शंभरात अडतीस. आण्णा ऐकत राहिला. त्याचा चेहरा अलीकडे तसाही फारसा हलत नसे; त्यामुळे त्याला राग आला की हसू, हे तिला कळेना.

"म्हंजे मी राहणार नाही, असं त्या डबड्यानं सांगितलं आणि तू विश्वास ठेवलास."

"ठेवला नाही, म्हणून तर विचारलं!"

"विचारलंस म्हंजे ठेवलास." त्याने शाईचा डबा खाली ठेवला. "मला काढायचं असेल तर सरळ सांग, रत्ना. बिनमाणसाची गाडी आणायची म्हंजे आण्णा नको, एवढंच ना? त्याला यंत्र कशाला मध्ये घालायचं?"

"काय बोलतोयस तू?"

तो उठून गेला. त्यानंतर चार दिवस दोघं आठ फुटांवर काम करत होती आणि निरोप वहिनीमार्फत जात होते. "त्यांना सांग, उद्या सांगलीला वीस पोती." "तिला सांग, मला माहीत आहे."

रत्नमालेला कळेना की आपण गुन्हा काय केला. आणि त्याहून कळेना ते हे, की आण्णाने 'मी कुठं जात नाही' एवढं साधं वाक्य का उच्चारलं नाही.

पाचव्या दिवशी कणकवलीहून पेडणेकरांचा फोन आला. वीस वर्षांचं गिऱ्हाईक.

"ताई, पोत्यांवर नावं हल्ली कोण लिहितं हो? सुरुवातीचं अक्षर दिसतं, पुढची मुंगीएवढी. हमालानं माझी सहा पोती पलीकडच्या पेडामकरांकडे उतरवली. भिंग घेऊन वाचावं लागतं."

ती भट्टीच्या मागच्या खोलीत गेली. भरून ठेवलेली पोती रांगेत होती. 'कणकवली' मधला पहिला 'क' तळहाताएवढा होता. दुसरा त्याच्या निम्मा. 'ली' नखाएवढी. प्रत्येक पोत्यावर तसंच: अक्षरं चालता चालता आक्रसत गेलेली. रागाने मुद्दाम लिहितोय, हा पहिला विचार तिच्या मनात आला. पण कोपऱ्यात मार्चमधली, परत आलेली चार रिकामी पोती होती. तेव्हा भांडण कुठलं? त्यांच्यावरही अक्षरं तशीच, थोडी कमी आक्रसलेली.

त्याच दुपारी तेजल आवटी कुरुंदवाडला आली. पतसंस्थेच्या कामासाठी नाही. स्कूटर लांब लावून, ओळखपत्र पर्समध्ये घालून.

"हे मी सांगायला नको. तुम्हाला तर नाहीच," ती म्हणाली. "पण तुमचा कागद बंद करून मला झोप येईना."

रत्नमालेने तिला आत बसवलं, पाणी दिलं.

"विम्यासाठी प्रत्येक मालवाहू गाडीच्या स्टिअरिंगला नोंदपेटी असते, ताई. चाक किती अंश फिरलं, ते सेकंदाला शंभर वेळा टिपते. सरळ रस्त्यावरसुद्धा कुणी चाक स्थिर धरत नाही. गाडी जराशी ओढली की हात नकळत दुरुस्ती करतो. केसभर इकडे, केसभर तिकडे. ही हातांची चाल ज्याची त्याची, सहीसारखी. पडताळ्याला लाखो चालकांच्या नोंदी दिल्यात आणि त्यातला कोण कधी गाडी चालवायचा थांबला, एवढंच सांगितलंय. का थांबला, ते सांगितलेलं नाही. त्याचं त्यानं शोधलंय की अमुक तऱ्हेचा हात तीन वर्षांत चाक सोडतो."

"आणि आण्णाचा हात तसा आहे?"

"त्यांच्या दुरुस्त्या दोन वर्षांपासून लहान होत चालल्यात. उशिरा होतात, आणि मग एकदम." तेजलने आवाज खाली आणला. "असे चौदा कागद माझ्याकडे आलेत. पाच घरी मी गुपचूप फोन केला. तिघांना पुढं कंपवात निघाला. बाकी दोघांचं काहीच नाही. म्हणजे मला काहीही माहीत नाही, ताई. मी डॉक्टर नाही. पण मिरजेत मेंदूच्या डॉक्टर नाईकवडी आहेत."

रत्नमाला उठली. मागच्या खोलीतलं एक रिकामं पोतं आणून तिने तेजलपुढे अंथरलं. तेजलने पहिल्या अक्षरापासून शेवटच्या बारक्या अक्षरापर्यंत बोट फिरवलं.

सांगायचं तर कसं? यंत्राचं बरोबर असेल तर आण्णा दर आठवड्याला शंभर पोती घेऊन फोंडा घाट उतरतोय. यंत्राचं चुकलं असेल, तर आधीच दुखावलेल्या माणसाला आपण रोगी ठरवतोय. आणि रोग असलाच तर तो आधी मेंदूच्या डॉक्टरला नाही, बहिणीला नाही, बायकोला नाही, गाडीचं कर्ज मोजणाऱ्या यंत्राला कळावा, हे तिच्या डोक्यात बसेना. सोळा वर्षं ती त्याच्या शेजारी काम करत होती. तिने काय बघितलं होतं?

सोमवारी ती टेंपोत त्याच्या शेजारी जाऊन बसली. "मिरजेला सोड मला. डॉक्टरकडे."

अबोला विसरून त्याने विचारलं, "काय झालं तुला?"

"चल, सांगते."

शिरोळ मागे पडेपर्यंत ती त्याच्या हातांकडे बघत होती. चाक सरळ होतं, गाडी सरळ होती. तिला काहीच वेगळं दिसत नव्हतं. शेवटी ती समोर बघत म्हणाली, "मला काही झालेलं नाही, आण्णा. तुला दाखवायचंय."

त्याने गाडी उसाच्या बांधाला लावली. इंजिन बंद केलं. ती ओरडा खायच्या तयारीने बसली होती. तिने पोत्यांचं सांगितलं, नोंदपेटीचं सांगितलं, तेजलचं नाव मात्र घेतलं नाही.

आण्णा म्हणाला, "इचलकरंजीला मी खांद्याच्या शेकाला जात होतो."

"काय?"

"डावा खांदा धरलाय वर्षभर. हात वर जात नाही. सदऱ्याच्या गुंड्या लावायला पाच मिनिटं लागतात. तिथला डॉक्टर म्हणाला, खांदा आखडलाय. शेक घेतला, फरक नाही. कांचनला सांगितलं असतं तर तिनं गाडी बंद केली असती." त्याने तिच्याकडे बघितलं. "हुबळीचं काय घेऊन बसलीस? जावयाच्या गोदामात मी काय करू?"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस तेव्हा मला वाटलं, तुला कळलंय. आणि कळल्यावर तू बिनमाणसाची गाडी बघितलीस."

रत्नमाला हसली आणि हसता हसताच तिला रडू आलं. एवढ्या साध्या गोष्टीत दोघांनी मनात एकमेकांच्या जागी दोन वेगळीच माणसं उभी केली होती आणि त्या माणसांवर चार दिवस रुसून बसली होती.

डॉक्टर नाईकवडींनी त्याला खोलीभर चालवलं, अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, कागदावर गोल गोल रेघ काढायला लावली. रेघ आत जाता जाता गच्च होत गेली. त्यांनी रोगाचं नाव सांगितलं, कंपवात. सुरुवात आहे, म्हणाल्या. हालचालीला वेग देणारं एक द्रव्य मेंदूत कमी पडतंय. गोळीने ते बरंचसं भरून निघेल. रोग जाणार नाही, पण पुष्कळ वर्षं चांगली जातील. आखडलेला खांदाही त्याच रोगाचा होता. गाडी दोन महिने बंद. मग तपासून सांगू, आणि घाट मात्र नको.

"यंत्र तीन वर्षं म्हणालं," आण्णा म्हणाला.

"यंत्र ज्यांच्यावरून शिकलं, त्यातल्या किती जणांना वेळेत गोळी मिळाली असेल?" डॉक्टर म्हणाल्या. "त्यांना बहुधा कुणी सांगितलंच नव्हतं."

बाहेर आल्यावर आण्णाने टेंपोची किल्ली बहिणीच्या हातात दिली. तिला टेंपो येत नव्हता. दोघं थोडा वेळ त्या किल्लीकडे बघत उभी राहिली, मग वहिनीच्या भावाला बोलावून घेतलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोघं मिळून पतसंस्थेत गेली. आण्णाचे हात मोकळे झाले होते, सदऱ्याच्या गुंड्या तो भराभर लावत होता.

"आता परत चालव तुझा पडताळा," तो तेजलला म्हणाला.

तिने चालवला. शंभरात अडतीस.

"मी गोळी घेतोय हे त्याला सांगितलंस का?"

तेजलने यादी वरखाली केली. "तसा रकाना नाही, आण्णा. नव्या नोंदी सहा महिन्यांच्या लागतील, आणि त्यासाठी तुम्हाला गाडी चालवावी लागेल."

"गाडी चालवायला गाडी लागेल की!"

रत्नमालेपुढे तीच तीन पत्रकं होती. स्वयंचलित गाडी घेतली तर आयुष्यभर हप्त्यांसाठी चुरमुरे भाजायचे. डिझेल पिकअप मिळणार नाही, आणि मिळाली तरी तिचा हौदा भरून घाट उतरणार कोण? एका गोष्टीची बाजू धरावी तर दुसरी निसटत होती. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण तिच्या तोंडून निघून गेलं, "चालकाच्या रकान्यात माझं नाव घाल."

तेजलने वळून पाहिलं. "तुम्हाला गाडी येते?"

"नाही."

"रत्ना, वय काय तुझं?" आण्णा म्हणाला.

"पंचेचाळीस. घाल गं नाव."

तेजलने 'रत्नमाला मगदूम' असं लिहिलं आणि बटण दाबलं. यंत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबलं. मग पडद्यावर एकच ओळ आली: चालकाची पूर्वनोंद नाही. पडताळा शक्य नाही.

"अशा वेळी काय करता तुम्ही?"

"पूर्वीसारखं," तेजल म्हणाली, आणि पहिल्यांदाच जरा हसली. "संचालकांची बैठक बसते. तुम्हाला बघतात, प्रश्न विचारतात, ठरवतात."

कुठली गाडी, हे मात्र आता कुणी सांगणार नव्हतं. परतीच्या बसमध्ये बहीणभाऊ भांडले, आणि खूप दिवसांनी थेट एकमेकांशी भांडले. त्याचा जीव अजून त्या साडेनऊ फुटी हौद्यात होता. ती विजेच्या गाडीचं बोलत होती: गिअर नाहीत, क्लच नाही, मला शिकायला सोपी, तुझ्या हातालाही हलकी. पन्नास पोती तर पन्नास. सांगली, मिरज, इचलकरंजीला दोन फेऱ्या मारू.

"आणि कणकवली?"

उत्तर त्याला माहीत होतं.

बैठकीत कर्ज मंजूर झालं आणि विजेची गाडी आली, त्या दिवशी पेडणेकरांना फोन आण्णाने स्वतः केला. वीस वर्षांचं खातं बंद करतोय, एवढंच सांगितलं. कारण विचारल्यावर 'वय झालं' म्हणाला. फोन ठेवल्यावर भट्टीपाशी जाऊन उगाचच रेती ढवळत बसला. रत्नमालेला वाटलं, जाऊन काहीतरी बोलावं. पण त्या यंत्राने आपलं भलं केलं की आपल्या घरातून काही उचलून नेलं, हेच तिला ठरवता येत नव्हतं. तर बोलणार काय?

शिकवणी नदीकाठच्या मैदानात झाली. आण्णा मास्तर म्हणून भयंकर होता. "आरसा शोभेला आहे का?" "ब्रेक म्हंजे चूल नव्हे, फुंकर घातल्यासारखा दाबू नकोस!" परवाना मिळायला ऑक्टोबर उजाडला.

नोव्हेंबरात, पन्नास पोती घेऊन सांगलीला जाताना, अरुंद पुलाच्या मध्यावर समोरून उसाचा ट्रॅक्टर आला. मागे दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला. रत्नमालेचे हात चाकावर गोठले. मागून भोंगे सुरू झाले. डावीकडे कठडा, उजवीकडे ऊस, पुढे जावं की मागे, तिला काही कळेना.

"आण्णा, तू घे. मला नाही जमत."

डॉक्टरांनी त्याला गावातल्या गावात चालवायची परवानगी दिली होती. त्याने चाकाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि दार उघडून खाली उतरला.

तो पुढे गेला. ट्रॅक्टरवाल्याला हात करून थांबवलं, ट्रॉलीतून बाहेर आलेल्या उसाच्या दोन मोळ्या आत रेटायला लावल्या. मग गाडीच्या पुढे, कठड्याच्या कडेने चालायला लागला. पावलं लहान पडत होती. एकदा तो अडखळून जागीच उभा राहिला, जणू पाय रस्त्याला चिकटले. मागचा ट्रकवाला दारातून बाहेर लोंबकळून शिव्या देत होता. रत्नमालेने ब्रेकवर पाय ठेवला आणि थांबली. आण्णाचं पाऊल सुटलं तशी तिने गाडी सोडली. तो चालेल तेवढीच, एक वीतही जास्त नाही. आरशाला उसाची पानं घासून गेली. त्याचा उजवा हात हवेत होता: ये, ये, आणखी ये.

पूल संपल्यावर तो चढून बसला, दार ओढून घेतलं. कपाळावर घाम होता.

"मागं किती गाड्या आहेत बघितल्यास का?" तो म्हणाला.

"नाही. मी पुढं बघत होते."

"बरं केलंस," आण्णा म्हणाला. "चल आता. बाजार उठेल."